सोळा बाय सोळाचा कोयता

८ सप्टेंबर, सकाळ
बीड जिल्ह्यातल्या तमाम वक्ते बंधू-भगिनींनो! ज्यांचं भाषण ऐन रंगात येतं आणि मागून कुणीतरी 'आवरतं घ्या' अशी चिठ्ठी हातात सरकवतं, त्या तुमचं-माझं दुःख एकच आहे!
(ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. तरी सुरुवात दमदार असावी.)
काल पुतणी वर्षाराणीचा पुण्याहून फोन. नोकरी सांभाळून ती आणि तिचे मित्र एक मोबाइल गेम करताहेत. सगळे फुकट राबतात. आई-बापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांसाठी. मराठी अक्षरं शिकवणारा, नेट नसलं तरी चालणारा. चित्रं कमी पडताहेत. पिक्सेल आर्ट म्हणतात त्याला, बारीक बारीक चौकोन रंगवत जायचे. मी म्हणालो, ज्यानं तरुणपणी अख्ख्या गेवराईच्या भिंती घोषणांनी रंगवल्या, त्याला चौकोनाची काय भीती? माझ्या वाट्याला काम आलं: 'एक कोयता'. पुढे ती काहीतरी सांगत होती, पण तोवर मी बोलायला लागलो होतो.
सांगायची गरजही नाही. आमच्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. शहरात राहून पोरगी माती विसरली नाही.
संकल्प: चार दिवसांत फत्ते.

१० सप्टेंबर
माप आलं. सोळा चौकोन रुंद, सोळा उंच. एवढ्यात दोन माणसं? मी चौसष्ट मागितले. म्हणाली, काका, सगळ्यांना सोळाच. म्हणजे इथंही चिठ्ठी. निषेध नोंदवला.

१३ सप्टेंबर
लिंबागणेशला व्याख्यान. 'ज्वलंत वक्ते बद्रीनाथराव' अशी ओळख करून दिली. विषय वाचन. चिठ्ठी आली तसा मी गेमकडे वळलो. गणपतीच्या साक्षीनं जाहीर केलं की दसऱ्याच्या आत, ऊसतोडीला बिऱ्हाडं निघायच्या आधी, या जिल्ह्याचा कोयता माझ्या हातून घडेल! टाळ्या. सर्वांत जोरात चिठ्ठीवाल्याच्या.
आता माघार नाही.

१७ सप्टेंबर
नवऱ्याचा फेटाच पाच चौकोन खातो. सत्यभामेनं डोकावून विचारलं, बाई कुठाय? मी म्हणालो, मागे उभी आहे. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मागंच. फुडं कावून घेताव? सवय हाय तिला." आणि भाकरी करायला गेली. आमच्या सौभाग्यवतींना कलेतलं कळत नाही.
दुपारी बाई पुढे घेतली. डोक्यावर उसाची मोळी. आता नवऱ्याला पाय नाहीत.

२१ सप्टेंबर
बजरंगच्या हॉटेलातला चहा बंद. भरल्या हॉटेलात ओरडतो, "काय बे वक्ते, झाला का कोयता, का अजून धारच लावायलास?" हजार माणसांना गप्प करणारा मी. उत्तर सुचलं, पण घरी आल्यावर. स्टँडवर तेच, देवळात तेच. बाहेर पडणं थांबवलं. शेजारची चंद्रभागाबाई खिडकीतून विचारते, म्हणून खिडकीही लावली. लोक याला कोंडून घेणं म्हणतील. ही साधना आहे.
साधनेत लई उकडतं.

२४ सप्टेंबर
वर्षाराणीचा मेसेज. बाकी सगळं तयार, फक्त कोयता राहिलाय, त्याला एवढा वेळ? अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला: दोन जीव, एक मोजणी, श्रमाचा इतिहास. त्याच मिनिटाला तिचे जोडलेले हात आले. पोरगी भारावली.

२८ सप्टेंबर
पाठवला! दोन्ही माणसं बसली. दोघांत मिळून तीन पाय. वर्षाराणी प्रवासात होती. न बघताच गेममध्ये टाकते म्हणाली. विश्वास म्हणतात तो हा.

१ ऑक्टोबर, सकाळ
गेम आला. खिडकी उघडली, दार उघडलं, ताठ मानेनं बजरंगच्या हॉटेलात गेलो. दहा-बारा माणसं त्याच्या मोबाइलभोवती. चंद्रभागाबाईही. उद्या दसऱ्याचं सोनं वाटलं की तिच्या टोळीचा टॅक्टर ऊसतोडीला कारखान्याकडे निघणार.
गेममधली मुलगी शाळेची वाट शोधते. वाटेत ऊस आडवा येतो. तोडला की अक्षर मिळतं. (हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) बजरंगनं बटण दाबलं. मुलगी वाकली, माझी जोडी तिनं पायांना धरून उचलली आणि उसावर हाणली. 'क' पडला. परत हाणली. 'ख'.
बजरंग म्हणाला, "आरं, वक्त्यानं नवरा-बायकोलाच मूठ बशिवली बे!" चंद्रभागाबाई हसून हसून डोळे पुसत म्हणाली, "आमच्या मालकाला इतकं कामाला कुणीच जुंपलं नव्हतं!"
हे प्रतीक आहे, असं मी सांगितलं. 'ग' पडल्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही.

१ ऑक्टोबर, दुपार
वर्षाराणीचा फोन. काका, ऊस तोडायचा कोयता हवा होता. लोखंडाचा. मी म्हणालो, आपल्या जिल्ह्यात कोयता म्हणजे… ती म्हणाली, माहीत आहे, काका. पण पोरांच्या हातात त्यांचेच आई-बाप देऊन ऊस कसा तोडायला लावू?
मी उठून खिडकी परत लावली.
माझी जोडी तिनं काढून टाकली. आता गेममधल्या मुलीच्या हातात काहीच नाही. ती उसातच उभी. तिच्या गटातल्या, धारूरच्या आरोहीनं लोखंडी कोयता चहा होईस्तोवर काढून ठेवलाय. पण काम माझ्या नावावर आहे. मी माझ्या मोबाइलवर 'काम सोडले' हे बटण दाबत नाही, तोवर दुसऱ्याचं चित्र आत जात नाही म्हणे.
मी विचार करून कळवतो म्हणालो.

१ ऑक्टोबर, संध्याकाळ
अटी लिहिल्या. एक, जोडीला गेममध्ये अन्यत्र सन्मानानं स्थान. दोन, सुरुवातीला माझं मनोगत. तिसरी लिहीत होतो तेवढ्यात चंद्रभागाबाई मोबाइल घेऊन दारात. सामान बांधून झालंय, भांडी तेवढी राहिलीत. म्हणते, "नातीचा गेम बगा की वक्ते. ती पोरगी उसात उबीच हाय, फुडं सरकंना. तिकडं उसाच्या फडात कोण हाय आमाला नीट करून द्यायला?" मी तांत्रिक अडचण सांगितली. म्हणाली, "मंग काडा की. कोण अडवायलंय?"
सत्यभामेनं तिला पाट दिला. ती बसलीय. दोघी माझ्याकडे बघताहेत.
बद्रीनाथ! प्रस्तावना नको, अटी नकोत. अंगठा पुढे कर आणि 'काम सोडले' दाब.