हंड्याचा गळा आणि माझा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा थरथरता साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे अजून लटपटताहेत.

तुझ्या हुकुमाप्रमाणे, काळ्या हातांच्या घरात लेक द्यायची नाही हे कळवायला डोंगरावरच्या या तांबटांच्या गावी पोचलो. वाटेत बसचं एक चाक रस्त्यावर आणि एक हवेत, अशी तऱ्हा होती (ड्रायव्हर वळून वळून माझ्याशी बोलायला लागला, म्हणून मी झोपेचं सोंग घेतलं). गावात घराघरात ठोकाठोक. छातीतली धडधड माझी की त्यांची, कळेना. मुलाचे वडील भट्टीपुढे बसले होते. हातात हा एवढा हातोडा, मनगट माझ्या पोटरीएवढं. मी "आमच्या ताईचं म्हणणं असं..." इतकंच पुटपुटलो, तोच ते मुलाला ओरडून म्हणाले, "आधी याचा गळा आवळ. मग कान उपटून काढू. बूड मी बडवतो!" (ठोक्यांमुळे इथे सगळे ओरडूनच बोलतात. पाणी हवं का विचारलं तरी भांडण वाटतं.)

ताई, माझी बोबडीच वळली. नकार घशात अडकला आणि "मुलगी तुमचीच!" असं मीही ओरडून मोकळा झालो. सगळ्यांनी हातोडे खाली ठेवले. मग कळलं, की गळा आवळायचा होता तो माझ्या पाठीमागच्या, डागडुजीला आलेल्या हंड्याचा. पण मुलाच्या आईनं डोळ्यांना पदर लावला होता, मुलानं माझे दोन्ही हात धरले होते (सदऱ्याच्या बाह्यांवर त्याची दहाही बोटं उमटली आहेत). गेलेला शब्द परत कसा घ्यायचा?

तुझा भेदरलेला
धाकटा

ता. क. भाऊजींना तूच सांग. मी आठवडाभर इथेच राहतो. उतरायचा रस्ता फार वाईट आहे.

ता. क. आणखी एक. वर खोटं लिहिलं. हंडा माझ्या समोरच होता, आणि गळा त्याचाच हे मला लगेच कळलं होतं. निघण्याआधी तुझी लेक म्हणाली, "मामा, हो म्हणायचं धाडस नसेल तर राहू दे, पण नाही म्हणू नकोस. आईपुढे माझं तोंडच उघडत नाही." पन्नाशी आली तरी माझंही उघडत नाही, ताई. मुलगा चांगला आहे. पोरीला रागावू नकोस. काय बोलायचं ते मला बोल, आणि शक्यतो पत्रानं.