म्हातारी गेली, ताप गेला

४ जानेवारी
निर्णय पक्का. ही म्हातारी मोटारसायकल विकायची. आज भर चौकात बंद पडली. किका मारून पोटरी दगड झाली. मागचा टेम्पोवाला म्हणाला, काका, इथंच घर बांधताय का? वर्कशॉपमध्ये नवीन कटिंग मशीन यायचंय, त्याला जागा हवी, हे मुलाचं म्हणणंही बरोबर आहे. मी हातात एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खिडक्यांचा धंदा उभा केला, तो गाड्यांत जीव अडकवून नव्हे.

८ जानेवारी
दोन गिऱ्हाइकं आली. मी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. डावीकडे वळताना म्हातारीचा हॉर्न आपोआप वाजतो. तिसरा गिअर तिच्या मनात असेल तर पडतो. थंडीत टाकीवर जरा हात ठेवावा लागतो. पहिला पळाला. दुसरा घेतो म्हणत होता, पण किक अशी मारली जणू कुत्र्याला हाकलतोय. मीच नाही म्हटलं.
मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी विकताय की तिला स्थळ बघताय?"

१२ जानेवारी
मी साइटवर मापं घ्यायला गेलो आणि मुलाने गाडी विकून टाकली. मागच्या गल्लीतल्या तरुण डेंटिस्टला. उत्तम. कटकट गेली. ती उभी असायची तिथला तेलाचा डाग पुसू नका, असं कामगारांना सांगितलं. मशीन बसवताना खूण म्हणून बरा.

१३ जानेवारी, सकाळ
डेंटिस्टचा फोन. सुरूच होत नाही म्हणे. चहा अर्धा टाकून गेलो. साधी गोष्ट आहे: गाडी डावीकडे कलती करायची, अर्धी किक हळू, अर्धी जोरात, आणि मध्ये आपण श्वास सोडायचा. पहिल्या फटक्यात सुरू. पेशंट बाहेर येऊन बघत होते. डेंटिस्ट म्हणाला, काका, तुमचा पाय ओळखते ती. मी म्हटलं, छे हो, नुसतं तंत्र आहे. सगळं समजावलं. श्वासाचं तेवढं सांगायचं राहून गेलं. गडबडीत होतं असं.

१९ जानेवारी
रोज सकाळी फोन. वैताग आहे. मी काय त्याचा नोकर आहे?
ही म्हणाली, "अहो, मग दाढी करून फोन मांडीवर घेऊन कशाला बसता?"
याला शिस्त म्हणतात. हिला नाही कळायचं.

२३ जानेवारी
नवीन मशीन आलं. स्वतः मापतं, स्वतः कापतं. मी जवळ जाऊन आवाज ऐकला. आवाजात काही खोटच नाही. मुलाने मला खुर्ची दिली. बाबा, तुम्ही आता नुसते बसा, म्हणाला.
संध्याकाळी डेंटिस्टकडे चक्कर टाकली. सहज, रस्त्यातच आहे. (वळसा पडतो, पण थोडाच.)

२६ जानेवारी
फोन नाही. सुट्टी असेल.

२८ जानेवारी
आजही नाही. मुलाला माझ्या नंबरवर फोन करायला लावला. वाजतो.

३ फेब्रुवारी
आपण होऊन त्याला विचारायचं नाही. या बाबतीत मी पक्का. दाढ दुखते म्हणून अपॉइंटमेंट घेतली. दुखत नाही, पण जुनी आहे, काहीतरी निघेलच.

४ फेब्रुवारी
खुर्चीत आडवा होतो. तोंडात कापूस, वर दिवा. बाहेर रिसेप्शनवरच्या मुलीने म्हातारी बाहेर काढली. किक ऐकू आली नाही. बटणाचा टक, आणि इंजिन चालू. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, लोण्यासारखे. कोपऱ्यावर डावीकडे वळली. हॉर्न वाजला नाही.
डेंटिस्ट खुशीत होता. सेल्फ स्टार्ट बसवलाय, वायरिंग नवीन, गिअरबॉक्स उघडून नीट केलाय. तुम्हाला फार त्रास दिला, काका. आता कुणीही चालवावी.
मी कापसातून म्हणालो, "कुणीही चालवायची तर ती कशाला, दुसरी कुठलीही घ्यायची होती." त्याला बहुतेक फक्त आ-आ ऐकू आलं. म्हणाला, दुखतंय ना? ही दाढ हलतेय. ठेवण्यात अर्थ नाही. नवीन बसवू, तिचा काही त्रास होणार नाही.
मी मान हलवली. नाही म्हणून हलवली होती. काढली.

५ फेब्रुवारी
जीभ सारखी त्या जागेकडे जाते. जेवताना, बोलताना, खिडकीचं माप घेताना. हिने दोनदा टोकलं. मला काहीही झालेलं नाही.
दुपारी डेंटिस्टला फोन केला. कालची दाढ आहे का, टाकली?
टाकली, म्हणाला. का हो काका, हवी होती?
म्हटलं, छे. हवी कशाला? सहज विचारलं.