जिजाबाईची बदली

नागपूर,
रविवार, १८ जुलै १९८२

प्रिय प्रेमिलाताई,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. सासूबाईंचा खोकला थांबला. काटोलकडे पाऊस कसा आहे, कपाशीची पऱ्हाटी उगवली का, ते कळव.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. आजवर तू कधी माझ्या कारखान्याचं विचारलं नाहीस. या वेळी मात्र नवा साहेब कसा आहे, बैठकीत कोणकोण काय बोलतं, सगळं विचारलंस. ताई, हे तुझं तू विचारलंस, की शेजारी बसून भाऊजींनी सांगितलं?

राग मानू नको. सगळं सांगतेच.

देशकर साहेब उन्हाळ्यात आले. दर शनिवारी आम्हा बिस्किटं भरणाऱ्या बायांना घेऊन सतरंजीवर बसतात. चहा येतो. "अडचण सांगा, काय सुधारता येईल ते सांगा. सगळे मिळून करू," म्हणतात. रंभाबाई माझ्या कानाशी लागली, "एवढं गोड काहून बोलून राहिला वं हा?" मलाही तीच शंका. आजवर साहेब म्हणजे काचेमागचा माणूस.

बरेच शनिवार कोणी तोंड उघडलं नाही. मग एकदा जिजाबाई बोलली, "टेबल लय खाली हाय साहेब, वाकून वाकून कंबर मोडते." साहेब खूश झाले. आणि सोमवारी जिजाबाईची बदली भट्टीवर! भाऊजींनी सुपरवायझरच्या तोऱ्यात आम्हा सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "साहेबाचा हुकूम हाय."

झालं. बायांनी ओळखलं, बैठक म्हणजे पिंजरा. मी सुपरवायझरची मेहुणी, म्हणून माझ्यावरही संशय. मी गेले की बोलणं थांबायचं. डबा खायला शेजारी कोणी बसेना. भाऊजी आमच्याकडे जेवायला आले की विचारत, "आता कोण बोलणार हाय?" मी म्हणायची, "मले काय माहीत?"

मागच्या शनिवारी साहेबांनीच विचारलं, "जिजाबाईंना भट्टीवर जमतंय ना? त्यांनी स्वतः मागून घेतलं म्हणे."

मागून घेतलं? मग हुकूम कोणाचा? साहेब खोटं बोलतात, असंही वाटलं. म्हणून जिजाबाईच्या घरी गेले. तिनं दारातच उभं ठेवलं.

"काहून आली? तुह्या भाऊजीनं, मधुकररावानं पाठवलं का तुले?"

"तू भट्टी मागितली होती का, एवढंच सांग."

तिनं दोन्ही हात पुढे केले. बोटं भाजलेली होती. "हे मी मागून घेईन का वं?"

आमचे हे म्हणाले, "चूप राय. बहिणीचा संसार हाय." रात्रंदिवस मलाही तेच वाटत होतं.

काल बैठकीत उठले. "साहेब, जिजाबाईनं मागितलं नव्हतं. तुमचं नाव सांगून तिले भट्टीवर धाडलं."

"कोणी?"

सगळ्या बायांनी दाराकडे पाहिलं. भाऊजी तिथं उभे होते. मला नाव घ्यावं लागलं नाही, ताई. पण घेतलं असतं.

भाऊजी साहेबांना म्हणाले, "बाया थेट तुमच्यासंगच बोलल्या, तर मग सुपरवायझर काहाले पाहिजे?" तेव्हा मला त्यांची कीवही आली, हेही लिहिते.

साहेबांनी जिजाबाईला भट्टीवरून बोलावून सगळ्यांसमोर माफी मागितली. उद्यापासून ती पुन्हा आमच्यात. टेबलं उंच होणार. भाऊजींना गोदामात काम दिलं. पगार तोच आहे. मग रंभाबाई बोलली, तिच्यामागून आणखी बाया बोलल्या. साहेबावर माझा अजून पुरता भरोसा नाही. पण सुटी झाल्यावर जिजाबाई फाटकापर्यंत माझ्यासोबत चालली.

फाटकाबाहेर भाऊजी म्हणाले, "नोकरी तुले मी लावली. आता माह्या घरी पाय ठेवू नको." आणि काटोलच्या बसकडे गेले. हे पत्र पोचेल तोवर त्यांचं सांगून झालेलं असेल.

महालक्ष्म्यांच्या सणाला मी दरवर्षी तुझ्याकडे येते. या वर्षी येऊ का, ते लिही. कोणाला न विचारता, तुझ्या मनानं लिही. नको म्हणालीस तर येणार नाही. पण जिजाबाईसाठी जे बोलले, ते परत घेणार नाही.

तू म्हणशील तोवर तुझीच धाकटी,
गोपिका