सासर, चार नग

आप्पा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, फोटो भिंतीवर चढला, आई रोज त्याला एक फूल तरी लावतेच. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण जिवंतपणी तुम्ही भांडू कुठं दिलंत? अडकित्ता हातात घ्यायचा, सुपारी कातरत बसायचं आणि समोरच्याला एकट्यालाच बोलून दमू द्यायचं, ही तुमची रीत. डेअरीतलं जुनं सॉफ्टवेअर बंद करून सगळं नव्यात हलवायचं काम सध्या माझ्याकडं आहे. आज स्टोअरमधल्या वस्तूंची यादी ओळ न् ओळ तपासताना एका ओळीपाशी येऊन थांबले. संगणकाचा पडदा तसाच उघडा ठेवून हा कागद पुढ्यात ओढलाय.

तुमचं स्टोअर मला तुमच्याइतकंच पाठ होतं. शाळेला सुट्टी लागली की आपल्या आळे गावाहून सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही मला डेअरीत न्यायचात, डोळे मिटायला लावायचात आणि हातात एकेक लोखंड द्यायचात. ओळख. पातळ काळी रबरी रिंग म्हणजे करदोडा. दोन्ही टोकांना चकत्या असलेला पाइपाचा तुकडा म्हणजे डमरू. इंग्रजी नावं कंपनीच्या पुस्तकात, स्टोअरात चालायची ती तुमची नावं, आणि फिटरही तीच घेऊन दारात यायचे. एकदा एक जड पितळी झडप हातावर ठेवलीत. तिच्यातून वायू एकाच बाजूला जातो, उलटा येत नाही. "हे सासर," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, का? "गेलेलं माघारी येत न्हाई म्हनून." दारातले फिटर हसले, मीही हसले. बारा वर्षांची होते, मला काय कळतंय.

मग मी घोडेगावला सासरी गेले आणि दोन वर्षांत माघारी आले. आणायला तुम्हीच आला होतात. त्या घरात एक शब्द बोलला नाहीत, पाणीसुद्धा घेतलं नाहीत, माझी पिशवी उचललीत आणि एस.टी.त मला खिडकीची जागा दिलीत. हे मी विसरलेले नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

लग्नाआधी पुण्याला संगणकाचं शिकले होते, ते कामाला आलं. त्याच वर्षी डेअरीत मोठं सॉफ्टवेअर बसलं. दुधाचं संकलन, खरेदी, स्टोअर, पगार, सगळं एकाच ठिकाणी. मला त्याची अ‍ॅडमिन केलं. कुणाला कुठलं पान उघडेल आणि कुणाला नाही हे मी ठरवायचं, पासवर्ड विसरले की लोकांनी माझ्याकडं यायचं, बॅकअपची टेप रोज काढून पत्र्याच्या कपाटात मी ठेवायची. आळ्याची एक माघारी आलेली पोर मॅनेजरला सांगते की साहेब, हे तुम्हाला बघायचा हक्क नाही. माझी मान ताठ झाली होती, आप्पा, आणि ती व्हायलाच हवी होती. तुमच्या नावाचा युजर मी बनवला, पहिला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. चिठ्ठी चष्म्याच्या डबीत घालून तुम्ही म्हणालात, "माझ्या कुलपाची किल्ली तू मला देनार व्हय?" त्या युजरनं कधीच कुणी आत गेलं नाही. मग मीही चिडून तुमच्या टेबलावरच्या भिंतीला पाटी लावली, माझ्या हातानं, मोठ्या अक्षरात: सिस्टिमात नाही, तर स्टोअरात नाही. चिठ्ठीवर कुणाला काही द्यायचं नाही, जे निघेल ते संगणकातून निघेल.

यादी भरायला आपण चार दिवस बसलो. तुम्ही रॅकपाशी उभे राहून तुमच्या नावांनी सांगायचं, मी त्याचं इंग्रजी करून टाइप करायचं, आणि खरेदीतले दोघं जण नग मोजायला. सातव्या रॅकवर तुम्ही डबा ओढलात आणि नेहमीच्या आवाजात म्हणालात, "सासर, चार नग." त्या दोघांतला एक फिदीफिदी हसला. "आप्पा, तुमचं सासर बिघाडलं म्हनायचं. म्याडम तर आल्या की माघारी!" त्याचा मला राग नाही. तसली माणसं हसणारच. राग तुमचा आला. तुम्ही हसला नाहीत, पण त्याला गप्पही केलं नाहीत. आख्खं स्टोअर ज्याच्या एका खाकरण्यानं गप्प व्हायचं, तो माणूस डबा आत ढकलून म्हणाला, "म्होरं. करदोडा." मी उठून पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा तुम्ही करदोड्यांवर होता.

आणि मग एप्रिलातली ती दुपार. दूध गार करायचा एक कॉम्प्रेसर आधीच दुरुस्तीला खोलून ठेवलेला, दुसऱ्याची हीच झडप फुटली. बोरी बुद्रुक आणि राजुरीच्या दुधाच्या गाड्या आवारात उन्हात उभ्या, आत टाक्यांतलं दूध गार होईना. फिटर फुटकी झडप फडक्यात धरून माझ्या टेबलाशी आला. मी शोधलं. इंग्रजीतली तिला जेवढी नावं आहेत तेवढी सगळी टाकून शोधलं. पडदा कोरा. तो म्हणाला, "ताई, आप्पांकडं असंल की." मला उठून यावं लागलं, सगळ्यांदेखत, तुमच्यासमोर. तुम्ही स्टुलावर बसून सुपारी कातरत होता.

"आप्पा, झडप पाहिजे."

तुम्ही वर पाटीकडं बोट केलंत. "वाच की. तुझ्याच हातचं हाय."

"आप्पा, दूध नासंल!"

"मंग लिव सिस्टिमात. एक शबुद तर हाय."

कुठला शब्द, ते सगळ्यांना ठाऊक होतं. लोक हसले. मला वाटलं माझी जिरवताय. आपल्या नियमात पोरगी अडकली, आता नाक घासत येऊ दे, असं. मी तशीच मागं फिरले आणि पुन्हा पडद्यासमोर जाऊन बसले. बापलेकीच्या हट्टात दीड तास गेला. बायाबापड्यांनी पहाटे उठून काढलेलं दूध, आप्पा! मग राजुरीच्या गाडीवाल्यानं वास घेऊन पहिला कॅन मागच्या ओढ्यात उलटा केला, तो खळखळ आवाज स्टोअरपर्यंत आला, आणि तेव्हा कुठं तुम्ही उठलात. झडप आणून फिटरच्या हातात दिलीत. ती बसेपर्यंत संध्याकाळ झाली. दोन्ही गाड्यांचं दूध गेलं.

मॅनेजरांनी सगळ्यांना आवारात उभं केलं. झडप स्टोअरात होती तर कॉम्प्युटरात का नव्हती? माझ्याकडं बघून विचारलं. मी म्हणाले, "मला कुणी सांगितली नव्हती."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. अडकित्ता मिटून खिशात घातलात. "इसरलो आसंन, सायेब. वय झालं."

वय झालं! कुठल्या डब्यात किती नट आहेत हे झोपेतून उठवलं तरी सांगणारा माणूस. तुमच्या हातून स्टोअर काढलं. नोकरीचं शेवटचं वर्ष तुम्ही गेटवर खुर्ची टाकून गाड्यांचे नंबर लिहीत काढलंत. मी रोज त्याच गेटातून आत जायची आणि तुम्ही उठून उभे राहून म्हणायचात, "नमस्कार, म्याडम." थट्टा होती की शिक्षा, मला आजही कळत नाही. घरी आल्यावर तुम्ही एकदा तरी ओरडायचं होतं, आप्पा. ताट भिरकावायचं होतं. आईसमोर म्हणायचं होतं की ही पोरगी खोटारडी आहे. तुम्ही म्हणायचात, "भाकरी वाढ." तुमच्या त्या गप्प बसण्यानं माझं तोंड कायमचं बांधून टाकलं. तुम्ही बोलला असता तर मीही बोलले असते, आणि एका संध्याकाळीत मिटलं असतं. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी नियमाप्रमाणं तुमचा युजर मी बंद केला. शेवटचा प्रवेश, या रकान्यात काहीच नव्हतं.

आता ही ओळ माझ्यासमोर आहे. वस्तू तीच झडप. नोंद करणाऱ्याचं नाव माझं, तारीख दूध नासलं त्या दिवसाची. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती भरली होती. अ‍ॅडमिनच्या हातात पुष्कळ असतं, नव्या सिस्टिममध्ये नेताना कुठलीही तारीख लावता येईल, कुणी विचारणार नाही. मी ती तशीच नेली. नव्यात 'दुसरं नाव' असा एक रकाना आहे. मागच्याच आठवड्यात एक फिटर दारात येऊन म्हणाला, "ताई, सासर हाय का एखादं?" त्यानं तुम्हाला कधी पाहिलेलंही नाही. त्या रकान्यात मी आत्ता तो शब्द टाकला.

हा कागद आईला वाचून दाखवायची नाही, तुमच्या फोटोमागं ठेवायची नाही. टेपच्या कपाटात राहील. राग अजूनही आहे, त्या हसणाऱ्याला गप्प केलं नाहीत याचा, आणि माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलंत याचा तर त्याहून जास्त. पण तुम्ही काही विसरला नव्हतात, आप्पा, आणि मीही नाही. पाणी पिऊन परत आले तेव्हा ती ओळ माझ्या लक्षात होती. मी ती मुद्दाम गाळली.