निळीचा डावा हात

३ ऑगस्ट ९८
मार्चनंतर आज वही उघडली. इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल स्वतःचीच माफी. सांगण्यासारखं खूप होतं, लिहायची भीती वाटत होती. त्या जपानी कार्टून-विज्ञानपटाचा दुसरा भाग अख्खा कॉम्प्युटरवर होतोय. पहिल्याला आम्ही बायकांनी एमआयडीसीतल्या शेडमध्ये दोन वर्षं हाताने रंग भरले. पारदर्शक शीट, पुढून रेघ, मागून रंग. आता आमच्याकडून फक्त नमुन्याच्या शीट्स घेतल्या. त्यांवरून गायकवाड कॉम्प्युटरात नायिका घडवतोय. आमची निळी. निळे केस, डावा हात यंत्राचा.
पुढे आमचं काय, कोणी बोलत नाही.

५ ऑग.
आज पहिला तुकडा दाखवला. निळीने मान वळवून पाहिलं आणि अंगावर काटा आला. कातडी मेणासारखी, केस एकेक सुटा, कडेची काळी रेघ कुठेच नाही.
गायकवाड : "ताई, नवी पद्धत हीच. आणि रेघ तुमच्या शीट्सवरपण नव्हती की."
नव्हती? मी स्वतः ओढली होती. तिच्यात आणखी काहीतरी चुकलंय. ओळखीचं माणूस आरशात दिसावं तसं. काय ते...
कॅसेट जपानला गेली.

१९ ऑग., बुध.
फॅक्स आला. यंत्राचा हात उजवीकडे कसा?
तीन महिन्यांचं काम. साहेब शेडमध्ये येऊन ओरडले, "शीट्स उलट्या कोणी दिल्या? सोमवारपर्यंत नाव कळलं पाहिजे. तो माणूस घरी बसेल."
सगळ्यांनी विमलकडे पाहिलं. नमुन्याच्या शीट्सच्या पेट्या तिने भरल्या होत्या. "म्या न्हाई वो साहेब. ताईंनी दिल्या तशाच भरल्या." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाईची बाटली पुसत होते. पुसतच राहिले.

२० ऑग.
जेवणाच्या सुट्टीत पेटी उघडली. शीट्सवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या बहुतेक गळाल्यात. एका शीटवर राहिली होती, रेघेच्या बाजूला. 'ही बाजू वर.' अक्षर माझं.
वीस वर्षं कॅमेऱ्याखाली शीट ठेवली. कॅमेरा वरून बघतो, म्हणून रेघ वर. शीटचं चित्र कॉम्प्युटरात घेणारा स्कॅनर काचेखालून बघतो. मी त्याच्याजवळ कधी गेलेच नाही, दुरूनच घाबरले. गायकवाडने चिठ्ठीप्रमाणे ठेवल्या. यंत्राला मागची बाजू दिसली : नुसता रंग, रेघ झाकलेली, डावं-उजवं उलटं. आणि मी पंधरा दिवस मनात नव्या पद्धतीला नावं ठेवतेय.
ती शीट डब्याच्या पिशवीत घातली. पुरावा म्हणून, असं स्वतःला सांगितलं. मग घरी येऊन साड्यांखाली का ठेवली?

२२ ऑग., शनि.
दोन दिवस घास उतरत नाही. ह्यांना ॲसिडिटी सांगितली.
शेडमध्ये मंगल म्हणाली, "विमे, कुंकू तरी सरळ लावतीस का गं?" सगळ्या हसल्या. विमलही हसली. नंतर ब्रश धुताना जवळ आली. "ताई, तुमी सांगा ना साहेबांला. तुमचं ऐकत्यात ते. आता गावाला काष्टीला परत जाऊन काय करू मी?"
"बघते," म्हणाले. बघते!

२३ ऑग., रवि.
चर्चमध्ये प्रार्थनेला गेले, पण डोळे मिटवेनात. भीती नेमकी कशाची? नोकरी जाईल याची? सेहेचाळिसाव्या वर्षी कोण घेणार, हे खरंच. पण खरी भीती वेगळी असावी. इतकी वर्षं चुकांवर खूण करायची लाल पेन्सिल माझ्या हातात होती. विमलची शीट मी तीनदा परत केली आहे, एका ठिपक्यासाठी.
साहेब ओरडतील ते ऐकून घेईन. विमल काही बोलणार नाही, नुसती बघेल. तेव्हा...
उद्या, सोमवार : साड्यांखालची शीट पिशवीत घालणे.