उलट्यांची थाप

४ नोव्हेंबर
पल्लवी सिस्टरनं नाव विचारलं अन् माझं सगळं फिरलं. आईची गर्भपिशवी काढून चार दिवस झाले, आज दवाखान्यातून सुटी. पल्लवी म्हणाली, "दुखण्यावर ट्रामाडोल आहे. उलटी, चक्कर, झोप, काय होते ते वहीत लिहा. संध्याकाळी मला फोनवर सांगा. रोज."
रोज म्हणाली.
कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून वही हातात धरली नव्हती.

५ नोव्हें., बेला, घरी
दोन उलट्या, जरा गरगर. दुखणं कमी. प.ला सांगितलं. सात मिनिटं बोलली.

६ नोव्हें.
आई बरी. अर्धी भाकर खाल्ली, उलटी नाही. हेच सांगितलं तर "छान" म्हणून फोन ठेवला. अर्धं मिनिट. मग मोटरसायकलला लाथ मारली. अंगठा सुजला.

७ नोव्हें.
"आज तीन उलट्या," सांगून टाकलं. एकही नव्हती. किती हळू बोलली. "पाणी पाजत राहा हं."
आई आतून, "काऊन रे, कोणाला उलट्या झाल्या?"

९ नोव्हें.
काल चार सांगितल्या. डॉक्टरांनी गोळी बदलली. टॅपेन्टाडॉल. प. म्हणे हिनं मळमळ कमी होते. होणारच.

११ नोव्हें.
आई नुसती झोपून. हाक मारली की उशिरानं ओ देते. काकू माझ्यावरच तडकली, "गोळी बदलली तवापासून परसाकडे झाली नाही तिला. कुंथाले टाक्याचं भेव. पोराले कशी सांगन थे?"
मी रोज विचारत होतो. ती रोज "बरं हाय" म्हणत होती. थाप मारणं घरातच आहे म्हणायचं.

१२ नोव्हें.
सकाळी आई मोरीत तोल जाऊन पडली. ओटीपोट धरून बसली, रडली नाही. मला म्हणे, "तू चहा घे."
प.ला फोन. "पुढची गोळी देऊ नका. लगेच घेऊन या, वही पण आणा, डॉक्टरांना पाहायची आहे. पहिलीच गोळी बरी होती हो. पण उलट्याच थांबत नव्हत्या ना?"
"हो," म्हणालो. आजही हो.

आता तिसरी गोळी देतील. मी बोललो नाही तर.

वही ही एकच. त्यात प.चं नाव, ७ तारखेची थाप, सगळं. पान फाडलं तर फाडलेलं दिसते. न फाडलं तर

काकूनं आईला ऑटोत बसवलं. हाक मारून राह्यली. वही शर्टात खुपसतो. पान आहे अजून. दार ओढून घेतो.