पडद्यावरचं शून्य

तीर्थरूप बाबांना धाकटीचा नमस्कार,

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीत ऊन येतं. आईचा गुडघा कसा आहे? तिला जिना चढू देऊ नका.

पाण्यातलं शिसं मोजणारं आमचं यंत्र महिन्याभरापासून विकलं जातंय. त्याचा प्रोग्राम मी लिहिला, हे तुम्ही अख्ख्या गल्लीला सांगितलंत म्हणे!

बाबा, काल माझ्या टेबलावरच्या यंत्राच्या, पाण्यात बुडवायच्या कांडीची वायर निघाली, तरी पडद्यावर शून्य दिसत राहिलं. शून्य म्हणजे पाणी स्वच्छ. चाचणीच्या वेळी आकडा आला नाही की दिसणारी रिकामी चौकट बरी वाटेना, म्हणून मीच तिथे शून्य घातलं होतं. नंतर ते काढायचं राहून गेलं. अशी एकोणीस यंत्रं बाहेर गेलीत. त्यातलं एक शाळेत आहे.

अजून कुणाला कळलेलं नाही. आज सकाळी आमचे मालक म्हणाले, "तुझ्यामुळे कंपनी तरली." मी नुसती हसले.

गल्लीत आता काही बोलू नका. हे पत्र पेटीत टाकून मी तशीच मालकांकडे जाणार आहे. एकदा ते आत पडलं की परत काढता येत नाही, आणि मला नेमकं तेच हवंय.

तुमचीच,
धाकटी